हळदीचा उजेड

कोलवठ्याचं काम कुणाही कामगाराच्या दंडावरची पट्टी लाल न होता दिवाळीपर्यंत पार पडलं, तर तिथली सुरक्षा अधिकारी शलाका देवरुखकर हिला पुणं मिळणार होतं. पुणं म्हणजे नुसतं शहर नव्हे. पुणं म्हणजे मुख्य कचेरीतली सुरक्षाप्रमुखाची खुर्ची, खिडकी कापून खोली बनवलेल्या कंटेनरऐवजी खऱ्या भिंतींचं घर, आणि त्या घरात निरंजन. निरंजन तिचा नवरा. दोन वर्षं तो एकाच कपाचा चहा करत होता, आणि अलीकडे फोनवर ‘कधी येतेस’ हे विचारायचं विसरू लागला होता. तो विचारायचा तेव्हा शलाकाला त्रास होई. तो विसरू लागल्यावर तिला भीती वाटू लागली.

फायद्याच्या रांगेत ती एकटी उभी नव्हती. नीरभूमी कंपनीला हे काम निर्वेध दाखवून पुढच्या सगळ्या किनारपट्टीची साफसफाई हातात घ्यायची होती. कोलवठे गावाला आपली विहीर वाचवायची होती. आणि बोअरच्या यंत्रावर बसणाऱ्या यशवंत भोईरला तर विहीरही हवी होती आणि तिच्या पाण्याने लेकीचं लग्नही लावायचं होतं. सगळ्यांचे फायदे एकाच दिशेला तोंड करून उभे असले की कुणाला मागे वळून बघावंसं वाटत नाही. कोलवठ्यात नेमकं तेच झालं.

गावाच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना होता. तो बंद पडून एक पिढी उलटली होती, पण त्याने जमिनीत मुरवलेलं नायट्रोबेंझीन आणि त्याची भावंडं तिथंच होती. हे द्रव पाण्याहून जड. ते मातीतून खाली खाली झिरपत जातं, खडकापाशी थबकतं आणि मग भूजलाच्या ओघाबरोबर दरवर्षी थोडं थोडं सरकतं. कोलवठ्याचं विष आता विहिरीच्या वाटेवर होतं. त्याच्या वाटेत ओळीने बोअर मारायचे, मातीच्या कांड्या आणि पाणी वर काढून तपासायचं, आणि जिथे विष सापडेल तिथे पिठाइतके बारीक लोखंडाचे कण सोडून ते जागीच मोडायचं, असं काम होतं. कंपनीने आधी यासाठी एक यंत्रमानव आणला होता. खाडीकाठच्या चिकणमातीत तो गुडघ्यापर्यंत रुतला आणि त्याला बाहेर काढायला यशवंतच लागला. तेव्हा कंपनीने यंत्रमानव परत पाठवला आणि यशवंतला ठेवून घेतलं.

यशवंतला ही जमीन नवी नव्हती. त्याचा बाप त्याच कारखान्यात होता. बाप संध्याकाळी घरी यायचा तेव्हा पोरं त्याचे तळवे उघडून बघायची, आज कुठला रंग. कधी लाल, कधी निळा. घामाने अंथरुणावर त्याची आकृती उमटायची. पुढे बापाच्या लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हाही पहिले काही दिवस घरच्यांना वाटलं, रंगच असेल.

“म्हनून तर मी इथं आलोय, बाय,” यशवंतने शलाकाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तो तिला मॅडम म्हणत नसे. त्याच्या लेकीपेक्षा ती पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून बाय. “बापानं घातलेलं पोरानं काढायला नको?”

अशा जमिनीवर काम करायचं तर पूर्वी डोक्यापासून टाचेपर्यंत बंद सूट चढवत. कोकणातल्या दमट उन्हात माणूस त्यात आतल्या आत शिजायचा. विषाआधी उकाड्यानेच लोक पडायचे. मग पट्टी आली आणि सगळं उलटं झालं.

पट्टी दंडाला लावायची. तिच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक सुया असत. त्या दुखत नाहीत, रक्तापर्यंत पोचत नाहीत, कातडीखालचा ओलावा तेवढा शोषतात. वर पारदर्शक पापुद्रा. त्यावर जांभळ्या उजेडाचा वाचक धरला की पापुद्रा हिरवा चमकतो. अंगात विष भिनलं की त्याचे अवशेष त्या ओलाव्यात उतरतात, पापुद्र्याला चिकटतात आणि चमक विझवत नेतात. वाचक उरलेली चमक मोजतो आणि तीनपैकी एक दिवा लावतो. हिरवा असेल तर हातमोजे, बूट, तोंडाला मास्क, बस. केशरी झाला तर सूट घाला, नाहीतर दोन आठवडे घरी बसा. लाल झाला तर हंगामभर त्या जमिनीवर पाऊल टाकायचं नाही. म्हणजे पूर्वी माणसाला विषापासून झाकत असत. आता माणसात विष किती गेलं ते बघून, झाकायचं की नाही ते ठरवत. शलाकाला ही गोष्ट एकदा खटकली होती. पण सूट घालून चक्कर येऊन पडलेली माणसंही तिने उचलली होती, तेव्हा खटकलेलं तिने बाजूला ठेवलं.

मजूर पट्टीला ताईत म्हणत.

पाऊस थांबून काम सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत यशवंतचा ताईत केशरी झाला. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. वर आलेली मातीची कांडी तो हाताने फोडायचा, नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा. त्यासाठी मास्क खाली, हातमोजा खिशात. जुन्या बोअरवाल्यांची ती सवय.

“तपासायला प्रयोगशाळा आहे ना, यशवंतकाका,” शलाका म्हणाली.

“ती आठ दिवसांनी सांगनार. मी आत्ता सांगतो.”

“आत्ता सांगून तुमचा ताईत केशरी झालाय. सूट घाला.”

“यो सूट घालून मी बोअर मारू का शेतान उभा राहू? कावले तरी पलतील.”

गजानन पाटील, त्याच्या हाताखालचा कामगार, हसून लोटपोट झाला. यशवंत दोन आठवडे घरी बसला. यंत्र तितके दिवस ताडपत्रीखाली झाकलेलं राहिलं, कारण त्या चिकणमातीत ते चालवणं दुसऱ्या कुणाला जमेना. पुण्याहून देवस्थळींचा फोन रोज येऊ लागला. देवस्थळी शलाकाचे वरिष्ठ. ते कधी रागवत नसत, फक्त विचारत. “माणूस कधी हिरवा होतोय?” जणू काही तो आंबा होता आणि उलटा पिकायचा होता.

त्याच दोन आठवड्यांत यशवंतने लेकीचं, दर्शनाचं, लग्न उरकायचं ठरवलं. नाहीतरी घरी बसायचंच होतं. तुळशीच्या लग्नाआधी मुहूर्त नसतात, पण भटजींनी काढीव मुहूर्त दिला. आगऱ्यांच्या घरी लग्नापेक्षा हळद मोठी. शलाका अंगणात पाऊल टाकते न टाकते तोच यशवंतची बायको चंदाबाई दोन्ही पंजे पिवळे करून समोर उभी राहिली.

“मावशी, जरा. पट्टी आहे दंडाला.”

“ताईत हाय ना? मंग ताईताला पन लाव,” चंदाबाई म्हणाली आणि तिने शलाकाच्या गालापासून कोपरापर्यंत दोन्ही हात फिरवले. घरचीच हळद, परसात लावलेली, हाताने दळलेली. बोअरची सगळी मंडळी तिथे होती. नाचता नाचता एकमेकांना माखत होती. गजाननचे तर दातही पिवळे झाले होते. शलाका त्या दिवशी खूप दिवसांनी पोटभर हसली. निरंजनला तिने आपला पिवळा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘छान.’

सोमवारी नव्या पट्ट्या लावायचा दिवस. अंघोळी करून आले तरी सगळ्यांच्या दंडांवर पिवळी झाक होतीच. हळद काही पहिल्या पाण्याने जात नाही. शलाकाने दंड पुसले, पट्ट्या चिकटवल्या, दुपारी वाचक फिरवला. हिरवा. हिरवा. हिरवा. यशवंत परतून आला होता, तोही हिरवा. केशरीवरून आलेल्या माणसाची चमक मंद असते, काठावरची असते. यशवंतची तर नव्या कोऱ्या पट्टीपेक्षा लख्ख होती.

शलाकाने कंटेनरमध्ये जाऊन दार लावलं आणि वाचकाचा जांभळा उजेड स्वतःच्या नखांवर धरला. नखांच्या कडांना हळद अडकून राहिली होती. त्या कडा हिरव्यागार पेटल्या.

तिला समजायला वेळ लागला नाही. हळदीचा पिवळा रंग जांभळ्या उजेडात स्वतःच हिरवा चमकतो. वाचकाला उजेड कळतो, तो कुणाचा हे कळत नाही. पापुद्र्याची चमक विझत असेल आणि खालच्या कातडीवरची हळद चमकत असेल, तर दोन्हीची बेरीज हिरवीच येणार. पट्टी बनवणारे कुठल्या तरी थंड मुलखातले. ज्या दंडांवर त्यांनी ती तपासली त्या दंडांवर कधी कुणाच्या चुलतीने हळद फासली नव्हती.

दोन-चार दिवसांत जाईल ती, असं शलाकाने स्वतःला सांगितलं. पुढच्या सोमवारी खरं काय ते कळेल. तोवर सगळ्यांना नवे हातमोजे तर देऊ. तिने दिले. माणूस सत्य लगेच सांगायचं टाळतो तेव्हा तो सहसा असं काहीतरी उपयोगी करून ठेवतो.

पुढच्या सोमवारीही सगळे हिरवे होते. यंत्राजवळ गेली तेव्हा तिला कारण दिसलं. यशवंतच्या जेवणाच्या डब्याशेजारी पत्र्याची एक डबी होती, आणि गजानन तिच्यातली हळद तेलात कालवून दंडाला चोळत होता.

“हे काय चाललंय?”

“चंदाकाकूनं दिलीय, म्याडम,” गजानन म्हणाला. “सगल्यांसाठी. हलद जहर खेचते. बघितलं ना, काकाचा ताईत कसा हिरवा झाला?”

“मना केशरी होतं,” यशवंत म्हणाला. “डॉक्टर नाय, दवा नाय. हलद लागली आन उतरलं. आता तूच बोल, बाय, तुझ्या कंपनीला जमलं का यवढं?”

त्यांच्यात कुणी लबाड नव्हता. कापल्यावर हळद, मुरगळल्यावर हळद, खोकल्यावर हळद. मग विषावर का नाही? आणि पुरावा तर कंपनीचंच यंत्र देत होतं, हिरवा दिवा लावून. ते खुशीत होते. त्या खुशीत सूट खुंटीवर गेले, मास्क गळ्यात आले आणि यशवंतचा हातमोजा पुन्हा खिशात गेला.

शलाका बोलायला तोंड उघडून उभी राहिली. तिथे एका वाक्याचं काम होतं. हळद विष ओढत नाही, काका, ती फक्त दिवा फसवते. पण ते वाक्य बोललं की दंड धुवावे लागणार होते. दंड धुतले की दिवे खरे लागणार होते. खरे दिवे कुठल्या रंगाचे असतील याचा अंदाज तिला होता, आणि त्या रंगात पुणं बसत नव्हतं.

“मास्क तरी नीट लावा,” ती म्हणाली.

त्या दुपारी तिने देवस्थळींना फोन केला. सरळ सांगितलं नाही, कडेकडेने गेली. “सर, वाचकावर बाहेरच्या रंगाचा परिणाम होऊ शकतो का, हे एकदा बघायला हवं होतं.”

देवस्थळींनी कुठला रंग ते विचारलं नाही. ते हुशार गृहस्थ होते. काय विचारायचं नाही हे त्यांना कळत असे. “वाचक काय म्हणतोय, शलाका?”

“हिरवा.”

“मग तू वेगळं काय म्हणणार आहेस? दिवाळी झाली की पट्टीवाल्यांना लिहू. सविस्तर.”

दिवाळी फार लांब नव्हती. काही बोअर उरले होते. शलाकाने मनाशी ठरवलं की इतक्यात काही होत नाही. नंतर तिच्या लक्षात राहिलं ते हे, की ठरवताना तिला अजिबात कष्ट पडले नव्हते.

शेवटून दुसरा बोअर कारखान्याच्या जुन्या भूमिगत टाकीला लागून होता. ऑक्टोबरचं ऊन. कांडी वर आली तीच काळी, चमकदार, आणि सगळीकडे बुटाच्या पॉलिशचा, कडू बदामाचा वास पसरला. नळकांडं अडकलं होतं. यशवंतने गुडघा लावून त्याचा जोड सोडवला, आणि आत साठलेलं पाणी फसकन त्याच्या छातीवर आलं. सदरा पोटापर्यंत भिजला.

“सापडला,” तो म्हणाला. “हाच तो. सगल्या इखाची आई हीच. इथनं अडवलं ना, बाय, विहीर वाचली.”

“काका, आधी अंग धुवा. सदरा काढा.”

“जेवताना धुतो. मशीन थांबलं तर नली रुतंल.”

“आत्ता धुवा.”

यशवंतने हसत बाही वर केली आणि गजाननने कौतुकाने वाचक धरला. हिरवा. “बघ. ताईत बोलतो ठीक हाय. तू कंपनीचं तरी ऐक.”

शलाका त्याच्यापासून चार पावलांवर उभी होती. पुन्हा तेच वाक्य जिभेवर आलं, आणि या खेपेला ते जुनं झालेलं होतं. आता बोलायचं म्हणजे आधी का नाही बोललीस, हेही आलं. ती म्हणाली, “तरी पण धुवा,” आणि पाणी आणवायला स्वतः गेली.

पाणी घेऊन आली तेव्हा यशवंतचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसत होते. जांभळांचा हंगाम नव्हता. तो यंत्रावरून उतरत होता, उतरताना थांबला, एक हात हवेत धरून काहीतरी आठवल्यासारखा बघत राहिला, आणि खाली बसला. मग आडवा झाला.

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर मुकादम होत्या. बाई कामाला चपळ. बोटाला चिमटा, नाकाला प्राणवायू, छातीला तारा. “कुठल्या कामावर होता?”

“बोअरच्या. कारखान्याच्या जागेवर,” गजानन म्हणाला.

बाईंनी लगेच कंपनीने रुग्णालयाला दिलेला वाचक मागवला आणि दंडावर धरला. हिरवा दिवा लागला. “म्हणजे विषबाधा नाही,” त्या म्हणाल्या, “हृदयाचं बघू,” आणि खाट आत ढकलली.

शलाका दाराशी उभी राहिली. ती वाक्य जुळवत होती. हळदीमुळे पट्टी चुकीची दाखवते, हे सांगायचं. पण कधीपासून माहीत आहे, हे त्यात यायला नको. एक जुळवलं, त्यात ‘कदाचित’ होतं. डॉक्टर कदाचितवर काय करणार? दुसरं जुळवलं, ते फार ठाम झालं. ठामपणा कुठून आला असं कुणी विचारलं असतं. आत यंत्राची टिकटिक चालू होती. गजानन बाकावर बसून स्वतःचा दंड चोळत होता. आतून परिचारिका म्हणाली, ऑक्सिजन लावूनही आकडा वर चढत नाहीये. शलाकाने तिसरं वाक्य घेतलं.

“डॉक्टर, आत्ताच माझ्या लक्षात आलं. या लोकांनी पट्टीखाली हळद लावलीय. हिरव्यावर विश्वास ठेवू नका. नायट्रोबेंझीन आहे.”

मुकादमबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. सुई घेतली, रक्त ओढलं आणि पांढऱ्या कापडावर एक थेंब टाकला. थेंब लाल नव्हता. चॉकलेटी होता, आणि हवा लागूनही तसाच राहिला.

रक्तातलं लोखंड प्राणवायूला हाताशी धरून अंगभर फिरवतं. हे विष त्या लोखंडाचं रूप बदलतं, आणि मग लोखंडाला प्राणवायू धरता येत नाही. छाती हवेने भरलेली, रक्त वाहतं आहे, हृदय धावतं आहे, तरी मेंदू गुदमरत राहतो. यावर एक उतारा आहे, मेथिलीन ब्लू. तोसुद्धा मूळचा कापड रंगवायचा रंगच.

“आमच्याकडे नाही,” बाई म्हणाल्या. “जिल्ह्याहून मागवावं लागेल.”

“माझ्या गाडीत आहे,” शलाका म्हणाली. सुरक्षेच्या पेटीत तो तिनेच आग्रहाने ठेवून घेतला होता. पेटी गाडीत, गाडी दाराशी. ती वाक्यं जुळवत होती तो सगळा वेळ औषध तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं.

निळा रंग शिरेतून गेला आणि यशवंतच्या ओठांवर हळूहळू माणसाचा रंग आला. दोन दिवस त्याला निळसर हिरवी लघवी होत होती. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले, चंदाबाईकडे बघितलं आणि तिला काहीतरी मागितलं. काय ते तिला कळेना. त्यालाही कळेना. शब्द गेले होते. सगळे नव्हेत; पाणी राहिलं होतं, लेकीचं नाव राहिलं होतं, वास राहिला होता. उजवा हात कांडी धरायला पुढे जायचा आणि मध्येच विसरायचा.

बाकीच्यांचे दंड साबणाने घासून नव्या पट्ट्या लावल्या. सगळे लाल. पट्टीला आजचं कळतं. हाडामासात जाऊन बसलेलं उद्या काय करील ते तिला सांगता येत नाही. मुकादमबाईंनी सगळ्यांना दर सहा महिन्यांनी लघवी तपासायला यायला सांगितलं. गजाननने का म्हणून विचारलं नाही. यशवंतच्या बापाची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती.

चौकशी झाली, आणि चांगली गोड झाली. निष्कर्ष एका ओळीत मावला: कामगारांच्या पारंपरिक समजुतीमुळे मापनात अडथळा आला, आणि तो लक्षात येताच सुरक्षा अधिकाऱ्यांनी तत्परतेने डॉक्टरांना कळवल्यामुळे प्राणहानी टळली. ‘लक्षात येताच’ हे तिच्याच ‘आत्ताच’मधून उगवलं होतं. देवस्थळींनी फोनवर अभिनंदन केलं. लाल पट्ट्या कामगारांच्या खात्यावर गेल्या, तिच्या नव्हे, आणि पुणं पक्कं झालं. निरंजनने बऱ्याच दिवसांनी आपणहून फोन केला आणि म्हणाला, “दुसरा कप काढून ठेवलाय.”

निघायच्या आधी ती भोईरांच्या घरी गेली. जायलाच हवं होतं असं नाही. न जाऊनही कुणी काही म्हटलं नसतं. यशवंत ओटीवर बसला होता. तिला बघून हसला आणि म्हणाला, “दर्शना.”

“बाय आलीय,” चंदाबाई म्हणाली. “ये. जेवूनच जा.”

ताटात भात वाढला, वरण वाढलं. वरण पांढरं होतं. भाजी पांढरी. माशाचं कालवणसुद्धा नुसतं मिरचीचं, लालभडक, त्याखाली पिवळं काही नाही. शलाकाने घास उचलला आणि तो हातातच राहिला.

“हलद टाकली मी सगली,” चंदाबाई म्हणाली. “परसातली उपटली, घरातली खाडीन सोडली. दर्शनाला सांगितलं, तुझ्या घरात पन ठेवू नको.” ती ताटाकडे बघून बोलत होती. “गावात बोलतात, चंदीनं आपल्या हातानं नवऱ्याला माखलं. खरं सांग, बाय. तू शिकलेली हायस. माझ्या हलदीनं झालं का?”

शलाकासमोर पुन्हा एकदा एका वाक्याचं काम आलं. या खेपेला जुळवायला वेळ होता आणि घाई कुणालाच नव्हती. हळदीचा काही दोष नाही, मावशी, असं म्हणून हात धुता आले असते. त्यात खोटंही काही नव्हतं. तिने यशवंतकडे पाहिलं. तो पायरीजवळची माती चिमटीत घेऊन नाकाशी नेत होता.

“नाही,” ती म्हणाली. “हळदीने दिवा फसला. मी नाही फसले. मला माहीत होतं.”

“कवापासून?”

“हळदीनंतरच्या सोमवारपासून. तुम्ही डबी दिलीत तेव्हाही. तेव्हा बोलले असते तर काका घरी बसले असते. लाल होऊन, पण धडधाकट.”

“मंग का नाय बोललीस?”

“मला पुण्याला जायचं होतं.”

चंदाबाईने आवाज चढवला नाही, ताट ओढून घेतलं नाही. शलाकाला ते दोन्ही चाललं असतं.

“जेव,” ती म्हणाली. “अन्न टाकू नको. मंग गावकी बसंल. तिथं सगल्यांसमोर हेच बोल. जसं मना बोललीस तसं. एक शब्द कमी नको.”

शलाका पांढऱ्या वरणाशी भात जेवली. मग देवळापुढे गावकी बसली. गजानन आला, त्याच्या घरची माणसं आली, पंच आले. ती उभी राहून बोलली. तिचं बोलून झालं तशी गजाननची आई उठून चंदाबाईजवळ गेली आणि तिच्याशेजारी बसली. यशवंत पडल्यापासून ती तिच्या अंगणात पाय टाकत नव्हती. तेच सगळं शलाकाने लिहून चौकशीकडे पाठवलं, देवस्थळींच्या फोनसकट.

कुणी काय भरलं, ते आता सांगता येतं. नीरभूमीने काही भरलं नाही. तिला किनारपट्टीचं काम मिळालं, आणि नव्या सूचनांत एक ओळ वाढली, दंड स्वच्छ धुवून घ्यावा. देवस्थळींनी त्या फोनबद्दल ‘आठवत नाही’ एवढे दोन शब्द भरले. शलाकाने पुणं भरलं, नोकरी भरली, आणि निरंजनने काढलेला दुसरा कप पुन्हा फडताळात गेला. तो कधी बाहेर येईल हे त्यालाही सांगता येईना. गजानन आणि बाकीचे किती भरणार, हे दर सहा महिन्यांनी थोडं थोडं कळणार आहे. विहिरीकडे सरकणारं विष टाकीजवळ अडवलं गेलं नाही, कारण त्या चिकणमातीत यंत्र चालवणारा माणूस उरला नव्हता; तेव्हा गावाचाही हप्ता चालूच आहे. पहिली रक्कम यशवंतने भरली, सगळ्यांत मोठी, आणि ती कशाबद्दल होती हे समजून घ्यायला लागणारे शब्दही त्याच रकमेत गेले.

एकट्या चंदाबाईला काही परत मिळालं. गावकी बसली त्या रात्री तिने शेजारणीकडून चिमूटभर हळद मागून आणली आणि नवऱ्याच्या वरणात टाकली. यशवंतने वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि बराच वेळ वास घेतला. मग तिच्याकडे बघून, शब्द शोधत शोधत, म्हणाला, “पानी.”

तिने त्याला पाणी दिलं. विहिरीचं नव्हे, टँकरचं.